घर राखायला कोण थांबणार

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. तरी त्या वर्षी सोयाबीन कापणीच्या दिवसांत बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ आमच्या गावाकडे निघालं होतं. तसं ग्रामपंचायतीचा टेम्पो भोंगा लावून सांगत फिरत होता. जोराचा वारा सुटेल, अतिवृष्टी होईल, नाल्याकाठच्या लोकांनी संध्याकाळपर्यंत शाळेत हलावं.

नाल्याकाठचे लोक म्हणजे आम्ही. केनवडच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं आमचं गाव, आणि गावाच्या शेपटाला गायरानावर टिनाच्या घरांची एक ओळ. कागदावर आमचं नाव 'अतिक्रमण'. निवडणुकीत 'बंधू आणि भगिनी'.

आमच्या शेजारी आबाजी राहायचे. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. टेम्पो ओळीसमोर थांबला तेव्हा ते खाटेवरूनच म्हणाले, "अबे, आमच्या घराले आजून नंबर नाई देल्ला तुमी. वादळाले पत्ता कोनं सांगतला?"

सगळे हसले. टेम्पोतला ग्रामसेवकही हसला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाची या व्यवस्थेला गरजच पडत नाही.

मी पुढे झाले. तेव्हा मी जमिनीच्या हक्काच्या समितीत काम करत होते, पत्रकं लिहायचे, वाटायचे. मी विचारलं, "आम्ही गेल्यावर घर कोण राखणार?"

"घर काय पळून जातं का, ताई?"

"मागे गेलं होतं."

त्याला ठाऊक होतं. मागे ओळीतली दोन कुटुंबं पोहरादेवीच्या यात्रेला गेली. परत येऊन पाहतात तर घरांभोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. पंचायतीच्या माणसांनी म्हणे चुलीत हात घालून पाहिला, राख थंड लागली, म्हणजे इथे कोणी राहत नाही. झाला पंचनामा. त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं सरपंचाच्या मनात होतं. ती कुटुंबं आता मानोऱ्याकडे सोयऱ्यांच्या आसऱ्याला आहेत.

तेव्हापासून आमच्या ओळीत एक रीत पडली. लग्न असो, मयत असो, बाजार असो, प्रत्येक घरात एका माणसाने मागे थांबायचं आणि चूल विझू द्यायची नाही. रात्री विस्तव राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकायचा. 'चूल पेटती, तर हक्क जिवंत' ही पत्रकातली ओळ माझी आहे. ती मी आजही मागे घेत नाही. थंड राखेवरून माणसाला बेघर ठरवणारे आम्ही नव्हतो.

"एक ओळ लिहून द्या," मी ग्रामसेवकाला म्हणाले. "आदेशावरून घर सोडलं, परत आल्यावर जागा त्यांचीच. आत्ता सगळे निघतात."

"तो अधिकार माझा नाही."

माझी माय मागे टिनाला तार आवळत उभी होती. ती म्हणाली, "हटवाचा अधिकार हाय, राहू द्याचा नाई. असा कसा अधिकार हाय, साहेब?"

तो घाम पुसत टेम्पोत बसला. भोंगा पुन्हा सुरू झाला.

आम्ही कामाला लागलो. टिनावर दगड ठेवायची सवय सगळ्यांना. पण वाऱ्यात तोच दगड डोक्यात बसतो. म्हणून युरियाच्या पोत्यांत माती भरून ती वर चढवली. दाणागोटा खाटांवर, कागद प्लास्टिकमध्ये, शेळ्या वर गावात. एवढ्यात पाटलाचा ट्रॅक्टर ओळीतल्या तरण्या माणसांना न्यायला आला. त्याच्या वावरात सोयाबीनची गंजी उघडी होती, ती झाकायची होती. ट्रॉलीत नव्याकोऱ्या ताडपत्र्या. मायने ट्रॅक्टरवाल्याला एक मागितली.

"सोयाबीन भिजलं तं कोंब फुटतात, मावशी."

"खरं हाय बाप्पा," माय म्हणाली. "मानसाले थोडी कोंब फुटतात."

तो ओशाळला. ताडपत्री काही दिली नाही. आमची माणसं गेली, कारण उद्या मजुरीला त्याच वावरात जायचं होतं. जिल्ह्याला वादळाचा इशारा मिळाला तेव्हा सगळ्यात आधी झाकलं गेलं ते सोयाबीन. ही ओळ मी नंतर पत्रकात घातली आणि समितीतल्या एका मोठ्या माणसाने ती काढली. भाषा कडवट होते म्हणाला. मग काय गुळाची करू?

दुपार कलली तसा घराघरांत एकच प्रश्न उरला. थांबायचं कुणी?

उत्तर सगळीकडे सारखंच निघालं. लेकुरवाळ्या नाहीत, तरणे नाहीत. थांबणार म्हातारी माणसं. ज्याला शाळेपर्यंत नेणं सगळ्यात अवघड, त्यालाच राखणीला बसवायचं. असं तोंडाने कुणी म्हणालं नाही. म्हाताऱ्यांनीच ते म्हणून टाकलं, म्हणजे इतरांची सुटका झाली. आबाजी मुलाला म्हणाले, "जाय रे. मले उचलून नेशीन अन् तिथी खाली ठेवशीन कुठी? पोराइच्या बाकावर?"

आमच्या घरात आम्ही तिघी. दादा पुण्याला कंपनीत, वहिनीला आठवा महिना. मी म्हणाले, मी थांबते.

"तुले ओल्या काडीनं चूल पेटवता येते का?" माय म्हणाली. "भाषन पेटवता येते. जाय हिच्यासंग. रस्त्यात पाय घसरला हिचा तं मी काय तोंड दाखवू त्याले?"

मी भांडले. ती चुलीत काड्या सारत राहिली. शेवटी वहिनी कमरेला हात लावून उभी राहिली आणि मला निघावं लागलं. आबाजी त्यांच्या दारात खाट ओढून बसले होते. मला म्हणाले, "फिकर नको करू. तुही माय हाय, मी हाय. दोघं मिळून वादळाले चहा पाजतो."

शाळेला कुलूप होतं. किल्ली मास्तरकडे, मास्तर रिसोडला. आम्ही कुलूप दगडाने फोडलं. त्याची नोटीस पुढे आम्हालाच आली. अंधारून आलं आणि वारा सुटला. समुद्रावर तो केवढा होता मला माहीत नाही. आमच्या टिनांना पुरेल एवढा होता. खालून पत्रे फाटल्याचे आवाज यायचे आणि प्रत्येक आवाजाला खोलीतलं कुणीतरी म्हणायचं, हे आपलं नाही. माझ्या तोंडूनही तेच निघालं. दोनदा मी दाराशी गेले. रस्त्यावर पाणी चढलं होतं.

उजाडताच खाली धावलो. ओळीतली निम्मी घरं आडवी. आमचं छप्पर घराच्या आतच कोसळलं होतं, मधली लाकडी बल्ली मोडून. माय अंगणातल्या चिखलात बसली होती आणि तिच्या मांडीवर आबाजींचं डोकं होतं. ते गेले होते. त्यांना तिने आणि ओळीतल्या दुसऱ्या एका म्हातारीने आमच्याच टिनाखालून ओढून काढलं होतं. त्यांचं स्वतःचं घर उभं होतं.

आबाजींच्या मुलाने खांद्यावरचा दुपट्टा काढून बापाच्या तोंडावर टाकला.

दोन दिवसांनी साहेब लोक आले. मदत? आदेश दिला होता, तो डावलून थांबले, बसत नाही नियमात. मी विचारलं, काहून थांबले ते नियमात बसतं का? साहेब म्हणाले, ताई, राजकारण करू नका. माणूस मेला की यांना राजकारण दिसतं, चुलीत हात घालताना दिसत नाही.

समितीने पत्रक काढायचं ठरवलं. लिहायचं मी. आबाजी आमच्या घरात सापडले होते, तेव्हा साऱ्या गावाने एकच अर्थ लावला होता: शेजारणीला वाचवायला म्हातारा गुडघे ओढत गेला आणि तिच्यावर पडणारी बल्ली स्वतःवर घेतली. मी तेच लिहिलं. मथळ्याखाली मायचा फोटो हवा होता, चुलीजवळचा.

माय फोटोला बसेना. मी खनपटीला बसले तेव्हा म्हणाली, "मी नोती घरात."

मला कळेचना.

"पयला टिन उडाला अन् मी पयाली. पाटलाच्या गोठ्यात जाऊन बसली बैलाइत. दगडाचा हाय गोठा. जाता जाता आबाजीले हाक मारली, चला म्हनलं, धरते मी. थे म्हनले, माह्यानं होत नाई बाई, तू जाय. मी पाह्यतो दोनी चुली." तिने चुलीत काडी सारली. "तुह्या चुलीले पाह्यला आले थे. मी तिथी नोती."

मी म्हणाले, पळालीस ते बरंच केलंस.

"बरंच केलं. म्हनून तं जिती हाव. लिव हे."

मी ते समितीत सांगितलं. मग एकजण म्हणाला, हे छापलं तर पंचायत म्हणेल, पाहा, निघून गेलेली बाई वाचली. आमचंच ऐकायला हवं होतं. तो चुकीचं बोलत नव्हता. आमच्या बाजूचं खरं त्यांच्या कामाला येतं, हीच तर आमची परिस्थिती.

मायने कुणाचंच ऐकलं नाही. संध्याकाळी ती आबाजींच्या मुलाकडे गेली, मी मागोमाग. तो दारात खाटेला नवी दोरी भरत होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, गोठा, बैल, दोन चुली. त्याने दोरीचा ताण सोडला नाही.

"मालूम होतं मले, काकू," तो म्हणाला. "तुह्या लुगड्याले शेन लागून होतं सकाई. आपल्या ओळीत कुठचं शेन आलं?"

"मंग बोलला काहून नाई?"

"बोलून काय? सरकारनं कायी देल्लं नाई. लोक म्हनतात, बुढा दुसऱ्यासाठी गेला. पोरगं शायेत सांगते आपल्या आजाचं. थे तरी राहू दे." मग दोरी आवळत म्हणाला, "बाकी बाप माह्या चुलीपायी मेला का तुह्या, माह्यासाठी एकच हाय. नेलं असतं पाठीवर तं मेला नसता. थे मी नाई केलं."

मायला त्याच्याकडून शिव्या हव्या होत्या, असं मला वाटलं. त्या काही मिळाल्या नाहीत. घराकडे वळताना ती मला म्हणाली, "छाप. पयले जसं लिवलं तसं. माहा फोटो नको फकस्त."

मी छापलं.