अण्णांचा बाण

"बाण हरवला!" असा पुकारा झाला की आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या कुणीतरी उठायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा मीच.

अण्णा आमच्या पंपांच्या कंपनीत विक्री अधिकारी. घराणं बंगळुरात कैक पिढ्या मुरलेलं, घर बनशंकरीला. त्यांचं मराठी ऐकून सांगलीहून आलेली मी आधी चाटच पडले. "इंजिनीअरबाई, स्वल्प ये की इकडं. बाण पळाला बघ." शोधून दिला की "सरी, सरी" म्हणत डब्यातलं एक कोडुबळं, म्हणजे आपलं कडबोळं, माझ्या हातावर ठेवायचे.

पहिल्या लॅपटॉपबद्दलची त्यांची तक्रार खरीच होती. नव्वदच्या दशकातले ते पडदे तुमच्यापैकी कुणी वापरले असतील तर आठवत असेल. जरा तिरकं बघितलं की चित्र काळंनिळं व्हायचं, आणि माऊसचा बाण भरकन हलवला की चक्क दिसेनासा व्हायचा. सगळेच वैतागलेले असायचे.

मग नवे लॅपटॉप आले. पडदा झकास, बाण कुठेही गेला तरी ठसठशीत. पण या पडद्यावर ठिपके जास्त. त्यामुळे पंप निवडायचा आमचा जुना प्रोग्रॅम मधोमध आखडून बसायचा आणि चारी बाजूंनी रुंद काळी पट्टी दिसायची. विक्री विभागानं माझं डोकं खाल्लं. "नवा पडदा काय ही काळी पट्टी बघायला घेतला?" एकटे अण्णा खूश. "असू दे की. सगळं कसं समोरच्या समोर. याला हात लावू नको बघ."

मी लावला. सगळ्यांचं चित्र पडदाभर पसरवून दिलं, त्यात अण्णांचंही. दुसऱ्याच दिवशी पुकारा, "बाण हरवला!"

जाऊन बघावं तर बाण उजव्या कोपऱ्यात ठणठणीत. मी तक्रारवहीत लिहायची, "दोष आढळला नाही." आठवड्यानं पुन्हा तेच. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. आम्ही त्यांच्यामागे हसायचो, खोटं कशाला सांगू? एकदा कुणीतरी म्हणालं, अण्णा, डोळे तपासून घ्या. अण्णा असे उखडले! खिशातून औषधाची पट्टी काढून तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. डोळ्यांचा विषय तिथंच संपला.

पुढे आणखी मोठ्या पडद्याचं मॉडेल आलं. पहिलं मी अण्णांनाच दिलं, म्हटलं, एकदाची कटकट मिटेल. आणि त्यांच्या शेजारी बसले.

"हरवला," अण्णा म्हणाले.

बाण कोपऱ्यात होता. मी त्यावर बोट टेकवलं. "हा काय!"

त्यांनी मान वळवली. "हां. आत्ता आला."

"आला नाही अण्णा. इथंच होता."

मी हात पडद्यापासून बाजूला, त्यांच्या कानाच्या दिशेनं नेला आणि हलवला. "आता दिसतंय?"

"काय दिसतंय?"

मला त्यांची स्कूटर आठवली. आदल्याच आठवड्यात त्यांनी फाटकाला स्कूटर घासली होती आणि खापर वॉचमनवर फोडलं होतं. मागे त्यांची बायको बसलेली होती.

काचबिंदू निघाला. कडेची नजर गेली होती, समोरची शाबूत, म्हणून औषधाची पट्टी वाचता येत होती. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला रोज थेंब घालायचे. हे सगळं अण्णांनीच येऊन सांगितलं.

"डॉक्टर विचारत होते, कधीपासून? म्हटलं, झाला असेल महिना. हा मोठा पडदा आला तेव्हापासून. त्याच्याआधी मशीनच बिघडलेलं होतं की. म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. पण मला तरी कसं कळणार? होय की नाही गं?"

तक्रारवही माझ्या टेबलावरच होती. कधीपासून ते तिच्यात तारीखवार होतं, माझ्या अक्षरात.

"होय अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, स्कूटर विकली. निरोपाच्या दिवशी मला पुढे बोलावून सगळ्यांना म्हणाले, "हिच्यामुळं कळलं. नाहीतर आंधळाच झालो असतो मी." टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

नंतर एकदाच दिसले, बनशंकरीच्या बस स्टॉपवर. एकटेच होते. मी त्यांच्या डाव्या हाताला, जेमतेम हातभर अंतरावर उभी होते. वहीचं आज सांगून टाकावं असं फार वाटलं. पण लाज वाटत होती. एवढ्या जवळ माणूस उभं आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि खरं सांगते, त्याचं मला बरं वाटलं.

बस आली. "बन्नी, बन्नी," म्हणत कंडक्टरनं त्यांना दंडाला धरून वर घेतलं. माझीही तीच बस होती. मी चढले नाही.