सावलीत सरकवलेल्या कुंड्या

वैशाखात आमच्याकडे तुळशीवर गळती टांगतात. भोक पाडलेल्या मडक्यातून थेंबथेंब पाणी झिरपत राहतं. यंदा ती वन्संनी टांगली आणि दुसरं मडकं घेऊन त्या ह्यांच्या जाड, पाणीदार पानांच्या सक्युलंटच्या कुंड्यांकडे वळल्या.

"दादा गेला म्हणून त्याची झाडंही वाळवतेस का गं वहिनी? पानं बघ कशी सुरकुतलीत!"

"नको वन्सं, कुजतील. कडक उन्हाळ्यात त्यांना एवढं पाणी सोसत नाही."

सांगतानाच मला थकवा आला. ही झाडं दिवसभर पानांची रंध्रं मिटून बसतात, रात्रीच्या गारव्यात तेवढी उघडतात. साठवलेलं थोडंथोडं वापरत, आक्रसून, नुसती टिकून राहतात. हे गेल्यापासून येणारा प्रत्येक जण मला चार घास, चार शब्द भरवू बघतो. मायाच असते ती. नाकारताना जीव जड होतो.

"मग ह्या कुंड्यांचं करायचं तरी काय?"

"सावलीत सरकवायच्या आणि राहू द्यायच्या."

वन्संनी मडकं खाली ठेवलं, पदर खोचला. "धर तिकडून."

कुंड्या सरकवून आम्ही तिथेच भिंतीला टेकलो. जेवायची वेळ टळून गेली, तरी त्या मला ऊठ म्हणाल्या नाहीत.