बाजूच्या सीटवरचा अभ्यास

आज कॉलेजजवळच्या, सिंदी मेघेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत एकटीच मोबाईलवर आंतरराष्ट्रीय कार रॅली स्पर्धेची एक फेरी पाहत होते. धुळीच्या रस्त्यावर गाडी उसळत होती आणि चालकाशेजारचा माणूस मान खाली घालून वहीतून भरभर वाचत होता. मला अल्लीपूरच्या घरातली एक दुपार आठवली.

मी दहावीत होते. बाबा वांग्यांची खेप बाजारात पोचवून आले होते. अंगाला अजून ओल्या पोत्यांचा वास होता. टीव्हीवर अशीच फेरी चालू होती आणि ते हातातला चहा विसरून पाहत राहिले.

"काऊन व पोरी, गाडी एवढी उधळून राह्यली, अन् तो बाजूचा अभ्यास करून राह्यला! उद्या पेपर हाय का त्याचा?"

मी पोट धरून हसले. "काहीबी बोलता बाबा! तो पुढची वळणं सांगते चालकाले. तुमाले काई समजत नाई."

"हो का," बाबा म्हणाले आणि कप घेऊन उठून गेले.

तेव्हा मी रोज त्यांच्या टेम्पोत, बाजूच्या सीटवर वही उघडून हिंगणघाटच्या शाळेत जायचे. त्यांना पडद्यावर आम्ही दोघंच दिसलो असू, हे मला बहुतेक आज कळलं.

त्यानंतर त्यांनी मला अभ्यासातलं कधी काही विचारलं नाही. मी कॉलेजात काय शिकते, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो.

"जेवली का?"

"हो."

त्यानंतरही बराच वेळ कुणी फोन ठेवत नाही.