डोळे मिटून बघितलेला राजवाडा

मंडळी, आत्ताच घरी आलेय. चप्पल काढायच्या आधी फोन हातात घेतलाय, कारण आज माझा नुसता जळफळाट झालाय.

माझी मामेबहीण नेहा आणि तिचा नवरा दोन दिवस म्हैसूर बघायला पुण्याहून आलेत. त्यांचा एक विचित्र नियम आहे. कुठलीही जागा आधी एकानेच बघायची. दुसऱ्याने डोळे मिटून उभं राहायचं आणि पहिला सांगेल ते ऐकायचं.

आज रविवार, म्हणून संध्याकाळी आम्ही चौघं राजवाड्याचे दिवे बघायला गेलो. दिवे लागले, सगळी गर्दी ओरडली, आणि नेहा गच्च डोळे मिटून उभी! नवरा तिच्या कानाशी सांगत होता, "मधल्या घुमटावरचं एक कबुतर दचकलंय. आता कुठे बसू म्हणून फेऱ्या मारतंय." नेहा हसत सुटली.

माझा जन्म इथला. लहानपणापासून हे दिवे बघतेय. मला कधी कबुतर दिसलं नाही.

मग मीही हट्टाने डोळे मिटले आणि आमच्या ह्यांचा हात धरला. "अहो, सांगा ना, काय दिसतंय?"

हे घाबरलेच. "अय्यो, एनायतु? काय झालं? चक्कर येते काय? सकाळची बीपीची गोळी घेतली नाहीस ना?"

गोळी खरंच विसरले होते.

तरीही सांगते, मला कबुतरच हवं होतं. तुमच्या घरी तुम्हाला कबुतर मिळतं की गोळी?