भाजलेले अंकुर

शेजारच्या वहिनी तापल्या की मला आधी त्यांची भांडी सांगतात. त्या दिवशी तर कुकरचं झाकणसुद्धा शिव्या देत होतं.

वहिनी प्रयोगशाळेत कामाला. बावीस वर्षं एकच काम: भरडलेल्या गव्हातून अंकुर चिमट्याने वेचायचे. पिठाचा कण चिकटलेला दिसला की तो बाद. हे अंकुर वाटून रस काढतात. त्या रसात जिवंत पेशी एकही नसते, पण हव्या त्या प्रथिनाचा आराखडा आत घातला की रस ते बनवून देतो. पीठ मिसळलं तर मात्र ढिम्म.

मी चिडवायचो, "वहिनी, धान्य निवडायचा पगार घेता की हो!"

"भाऊजी, एक तास बसून बघा. मग तुमचे डोळे वेचायला मी येते."

तर नव्या साहेबांना घाई. वेचण्यात आठवडा कशाला घालवायचा? त्यांनी पीठगिरणीतून तयार अंकुरांची पोतीच मागवली. वहिनींनी पोतं उघडून हुंगलं.

"साहेब, हे खाण्याचे आहेत. टिकावेत म्हणून भाजलेत. यातून काही बनायचं नाही."

"बाई, वास घेऊन विज्ञान होत नसतं."

तीन आठवडे रस काढला. प्रथिनाचा टिपूस नाही. आणि ठपका कुणावर? वहिनींवर! 'हलगर्जीपणा' म्हणून पत्र दिलं, वर त्याची प्रत फलकावर डकवली. बावीस वर्षांच्या नावावर चार ओळींत बोळा फिरवला! ऐकूनच माझं टाळकं फिरलं. त्यांचं काय झालं असेल?

वहिनी ओरडल्या नाहीत. दोन बशांत ओला कागद घातला. एकीत स्वतः वेचलेले अंकुर, दुसरीत पोत्यातले. दोन दिवसांनी पहिलीत मुळं फुटली, दुसरीत बुरशी. दोन्ही बशा साहेबांच्या चहाशेजारी नेऊन आदळल्या.

"बरं, विसरून जा ते पत्र," साहेब पुटपुटले.

"फलकावरचं सगळ्यांनी वाचलंय. ते कसं विसरतील?"

दुसऱ्या दिवशी फलकावर नवं पत्र: 'सामग्रीत दोष आढळला.' ती कोणी मागवली, त्याबद्दल अवाक्षर नाही. जणू पोती आपल्या पायांनी चालत आली! वहिनींनी सगळ्यांदेखत खाली लिहिलं: 'मागवणाऱ्याचं नाव लिहा. तोवर मी वेचणार नाही.'

आज चौथा दिवस. वहिनी रोज वेळेवर जातात आणि हाताची घडी घालून बसतात. समोर गहू तसाच पडून आहे. साहेब म्हणे अजून पेन शोधताहेत.