काठाच्या ओळीतलं कॉलेज

कादरभाई पहिल्यांदा कॅफेत शिरले तेव्हा गोकुळला वाटलं, आता पंचनामा होणार. धाड गावच्या बाजाररस्त्यावरचं ते त्याचं चार कॉम्प्युटरांचं दुकान. कादरभाईंनी पाटी आधी पुढून वाचली, मग मागून. खुर्ची हलवून पाहिली, वायरी भिंतीपर्यंत तपासल्या, प्रिंटरचं झाकण उघडून आत फुंकर मारली आणि पाऊण तासानं तोंड उघडलं, "इथून निंगालेला फॉर्म रस्त्यात कोणी खोलून पाहत नाही ना बे?"

माणूस जन्मापासून असा नव्हता. बियाण्याच्या दुकानदारानं "डोळे झाकून न्या" म्हणत दिलेलं बीटी कपाशीचं बियाणं दोनदा बोगस निघालं, आणि तिसऱ्यांदा खरं मिळालं तर त्याच्याही बोंडात गुलाबी अळी. तेव्हापासून ते टरबूजसुद्धा आधी दुसऱ्याला खायला लावून, तासभर त्याच्याकडे बघत बसून, मगच विकत घेत.

बरोबर कौसर होती, त्यांची मुलगी. सीईटीत एकशे अठ्ठावीस मार्क, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरच व्हायचं हा हट्ट. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायची होती. गोकुळनं गेल्या वर्षीची यादी उघडली. सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरची शेवटची जागा एकशे एकोणीसवर गेली होती.

"चाचा, काम झालंच समजा," गोकुळ खुशीत म्हणाला. "सरकारी कॉलेज एक नंबरवर टाका. डोळे झाकून टाका."

तिथंच घात झाला. कादरभाईंचे डोळे होते त्याहून दुप्पट उघडले.

"तुले किती भेटते बे त्या कॉलेजकडून?"

"सरकारी कॉलेज मले कायले देईन, चाचा?"

"तेच तं! मंग फुकटात एवढा जोर काऊन लावून राह्यला?"

मग त्यांनी स्वतःची रीत काढली. बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीची एक लहान पुडी येते. ती वावराच्या चारी काठांनी पेरायची, म्हणजे अळी तिच्यावर तुटून पडते आणि आतलं पीक वाचतं. सगळा गाव ती पुडी उकिरड्यावर फेकायचा. कादरभाई एकटे इमानानं पेरायचे.

"वरच्या तीन ओळीत हलके कॉलेज टाक. लोकाईची गर्दी तिथंच पोट भरून घेईन. सरकारी चौथ्या नंबरवर, मधात."

"अब्बा, ही कपाशी नाही," कौसर कळवळून म्हणाली.

"अळी कुठंबी लागते, बेटा."

गोकुळनं नियम मोठ्यानं वाचला: पहिला पर्याय मिळाला की तीच जागा पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही. कादरभाईंनी पडद्याला नाक लावलं.

"हे तूच टाइप केलं नसशीन कशावरून?"

कागदांची पिशवी त्यांच्या काखेत होती, आणि ती सुटल्याशिवाय कोणतंच कॉलेज नव्हतं. कौसरनं गोकुळकडे पाहिलं. गोकुळनं पंख्याकडे पाहिलं. एक नंबरवर बसलं माळावरचं एक कॉलेज. तिथल्या लॅबला कुलूप असतं, असं तिथं शिकणारी पोरंच सांगत. फॉर्म गेला. बाहेर पडताना कादरभाई गोकुळच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. माणूस तू चांगला असशीन, पण मले काय माहीत?"

यादी लागली. कौसरला पहिलाच पर्याय मिळाला.

ती माळावरच्या कॉलेजात गेली. सरकारी कॉलेजातली कॉम्प्युटरची शेवटची जागा त्या साली एकशे सोळावर भरली.