हिरव्या फडक्यातला रस

अडुळशाचं पान कच्चं वाटून पिळलं तर रस देत नाही. कितीही ठेचा, नुसता चोथा होतो आणि बोटं दिवसभर कडू राहतात. हे मला सुरतेला, गोडादऱ्यात राहायला आल्यावर कळलं. गावी आमच्या शेताच्या बांधावर अडुळसा होता, पण त्याला गुरंसुद्धा तोंड लावत नसत, मग माणसं कशाला लावतील. खोकला झाला की आई हळद-गुळाची गोळी द्यायची आणि तो जायचा. माझ्या लेकीचा खोकला मात्र जात नव्हता.

ती तेव्हा बालवाडीत होती. दिवाळीनंतर जो खोकला लागला तो संक्रांत झाली तरी तसाच. औषधाची बाटली असेपर्यंत बरं, बाटली संपली की पुन्हा सुरू. मी सकाळी डोळे उघडले की आधी तिच्या छातीवर हात ठेवायची. आत मांजर झोपल्यासारखी घरघर लागायची. मग उठायचं, पाणी भरायचं, डबा करायचा. अंग आधीच गळालेलं असायचं, दिवस तर अजून उजाडायचा असायचा.

आणि वरून सासूबाईंचा फोन. त्या शिंदखेड्याकडे आमच्या गावी राहतात. फोनवर पोरगी खोकली की त्यांना सगळं ऐकू जायचं.

"पोरले आठे धाडी दे," त्या म्हणायच्या. "तठली हवाच खराब शे. आखाजीपावत खोकला नही गया ते मी सोता यीसन तिले लई जासू."

म्हणजे पोरीला गावी पाठव, आणि आखाजीपर्यंत खोकला गेला नाही तर त्या स्वतः येऊन तिला घेऊन जाणार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खान्देशात लेकींनी माहेरी यायचा सण, आणि त्याच सणाला माझी लेक माझ्याकडून जाणार होती. सासूबाई वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला हातावर झेललंय, त्यातलं एक मूल राहिलं नाही तेव्हाही. पण त्यांच्याकडे गेलेलं पोर परत येत नाही. जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा मुलगा असाच एका उन्हाळ्यापुरता गेला होता. आता तो तिकडच्याच शाळेत आहे, आणि आईचा फोन आला की खेळायला पळतो.

मी सातवीत शाळा सोडली. डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, आणि विचारायला जीभ उचलत नाही. त्यामुळे कुणीही काही सांगितलं की मी करायची. ओवा भाजून पोटलीनं शेकलं, विड्याच्या पानाला तेल लावून छातीवर ठेवलं, तुळस उकळली. आमच्या चाळीत प्रत्येकीकडे एकेक पान आहे. कुणी गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधते, कुणी हगवणीला पेरूची पानं उकळून देते. माझे मिस्टर पांडेसऱ्याला प्रोसेस हाऊसमध्ये आहेत, कापड रंगवायच्या कारखान्यात. तिथल्या माणसांचे हात खाजतात, म्हणून घरोघरी कडुलिंबाचं पाणी उकळत असतं.

अडुळसा मला दिला मागच्या सोसायटीतल्या बांनी. गुजराती म्हातारी, वयानं माझ्या आजीएवढी. त्यांच्या भिंतीला लागून अडुळशाचं कुंपणच आहे. गुजरातीत त्याला अरडूसी म्हणतात. पोरीला बालवाडीतून आणताना ती त्यांच्या फाटकापाशीच खोकून खोकून खाली बसली. बा बाहेर आल्या. काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला म्हणाल्या, "अरडूसी आप ने एने. ले, जोइए एटली तोड."

तिला अडुळसा दे, हवा तेवढा तोड. परक्या शहरात असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं, ती सवय अजून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चोथा करून बसले होते, रस थेंबभर. पुन्हा त्यांच्याकडे गेले. त्या हसल्या. "अरे गांडी, बाफ पहेलां!" आधी वाफव, वेडे. पानं धुवायची, ढोकळ्याच्या भांड्यात वाफवायची, गरम असतानाच फडक्यात घालून पिळायची. मग तीच पानं मुकाट्यानं रस देतात. मधातून चमचाभर, आणि त्यापेक्षा जास्त नाही, असं त्यांनी बोट वर करून दोनदा सांगितलं.

रस दिसायला काही खास नव्हता. मळकट, तपकिरीकडे झुकणारा, शेवाळलेल्या डबक्यासारखा. पोरगी तोंड वाकडं करून गिळायची आणि नाही पिणार म्हणून बालवाडीतल्या गुजरातीत ओरडायची, "मने नथी पीवुं!" पण तिचा कफ सुटायला लागला. खोकला होताच, पण ओला झाला, आणि ती सलग झोपू लागली. मी फोनवर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देखूत." बघू.

रसाचा एकच ताप, तो म्हणजे डाग. माझं पांढरं मलमलचं फडकं दोन-तीनदा पिळल्यावर असं झालं की शेजारची वहिनी म्हणाली, "काय गं, याच्यानं फरशी पुसतेस का पोरीला पाजतेस?"

आता आमच्या घरात कापड विकत आणलेलं नसतं. पडदा, पायपुसणं, भांडी धरायचं, खिडकीच्या फटीत कोंबायचं, सगळं कारखान्यातले तुकडे. मिस्टरांचं काम शेड जुळवायचं. शेठनं दाखवलेल्या रंगासारखा रंग उतरला का ते बघायला आधी लहान तुकडा रंगवतात, आणि तो बघून झाला की पडून राहतो. ते असे तुकडे डब्याच्या पिशवीतून आणतात. होळीच्या आधी त्यांनी एक रेयॉनचा आणला होता, गर्द हिरवा, मऊ. मी विचार केला, रस पाल्याचा, तुकडाही पाल्याच्या रंगाचा, डाग पडला तरी दिसणार नाही. थंड पाण्यात धुऊन घेतला, पाण्याला रंग आला नाही. आणि त्या दिवशी वाफवलेली गरम पानं त्यात घालून पिळली.

काय रस आला म्हणून सांगू. हिरवाकंच, वाटीच्या कडेला चकाकणारा. मी तर हरखलेच. वहिनीला हाक मारली. ती आली, अजून दोघी आल्या.

"अगं बाई, आज कुठली पानं आणलीस?"

"तीच. बांकडची."

"मग इतके दिवस तू पिळायला कमी पडत होतीस. आता जमलं बघ डॉक्टरीणबाईंना."

मला खरंच तसं वाटलं. वाटलं, आता या रसानं खोकला जाईल. पोरीला चमचाभर दिला. ती पळत बाहेर गेली आणि सगळ्यांना जीभ काढून दाखवू लागली. समोरचे काका म्हणाले, "होळी आधीच खेळलीस काय गं?" सगळे हसले. मीही हसले.

मिस्टर दिवसपाळी करून आले, तेव्हा ती जिन्यातच त्यांना जीभ दाखवायला धावली. ते हसले नाहीत. तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, बारीक डोळे करून बघितलं, जसं ते तुकडा बघतात. मग आत येऊन वाटी मागितली. माझ्या पांढऱ्या मलमलच्या कोपऱ्यावर रसाचा एक थेंब सोडला.

"पान वाफवलं होतंस ना?"

"हो."

"मेथी शिजल्यावर एवढी हिरवी राहते का?"

मी खाली वाकून बघितलं. थेंब कापडावर पसरत होता. मधे मळका ठिपका आणि भोवती स्वच्छ हिरवं कडं.

"हा पानाचा नाही, आपल्या कारखान्यातला रंग आहे," ते म्हणाले. "तो तुकडा पक्का केलेला नव्हता. गरम लागलं की सोडतो." मग एकदम आवाज चढवून, "किती दिलास?"

"चमचा. एकच."

ते रागावले नव्हते, घाबरले होते. घाबरले की त्यांचा आवाज असाच चढतो. वहिनीनं पोरीला उचललं, मी वाटी पदराखाली झाकून घेतली, आणि आम्ही रिक्षेनं सरकारी दवाखान्यात गेलो. सगळ्या वाटेत मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती मजेत होती, रिक्षेच्या आरशात जीभ बघत होती. मी मनात म्हणत होते, गावी नेलं असतं तर बरं झालं असतं. सासूबाईंचं ऐकलं असतं तर.

तिथल्या डॉक्टरबाईंनी वाटी हुंगली, पोरीचं तोंड बघितलं, पोट दाबलं. आम्हाला थांबवून ठेवलं, पाणी पाजायला सांगितलं, पुन्हा तपासलं. मग म्हणाल्या, एका चमच्यानं काही झालेलं दिसत नाही, उलटी झाली किंवा पोर मलूल वाटली तर लगेच घेऊन या. मला वाटलं आता पाल्यावरून झापतील. पण त्या म्हणाल्या, "पत्ता बुरा नहीं है, बहन. इससे खाँसी की दवा बनती है." मग समजावून सांगितलं. पानात कफ पातळ करणारं काही असतं, पण घरी पिळलेला रस कधी पातळ उतरतो, कधी तेज, आणि एवढ्या लहान पोराला तो आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नका.

मग त्यांनी नळी पाठीवर लावली. बराच वेळ ऐकलं. आणि विचारलं, घरात काय करता?

मी साड्यांवर खडे चिकटवते. पाट मांडायचा, साडी पसरायची, डिंकासारखं सोल्युशन टिपक्याटिपक्यानं सोडायचं आणि वर खडा. खोली एकच. साडी पाटावर, पोरगी पाटाशेजारी. त्या सोल्युशनचा वास असा की नवा माणूस दारातच नाक धरतो. आम्हाला तो येत नाही.

"हे काम कधीपासून?"

मी मिस्टरांकडे बघितलं. दिवाळीच्या सीझनला माल जास्त होता, तेव्हापासून. खोकलाही तेव्हापासूनचाच.

डॉक्टरबाईंनी पंपासारखं औषध दिलं, कसं ओढायचं ते पोरीला दाखवलं, आणि साध्या शब्दांत म्हणाल्या, खोलीत एक तर हा वास राहील नाही तर ही मुलगी राहील. पाला आणि पंप दोन्ही त्याच्यापुढे कमी पडतील.

परत येताना मिस्टर म्हणाले, "आईकडे पाठवू या का? थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हणजे किती ते तुमच्या भावाला विचारा," मी म्हटलं. एवढं उलट मी त्यांना कधी बोलले नव्हते.

काम सोडणं जमण्यासारखं नव्हतं. खोलीचं भाडं त्याच कामातून जायचं. आणि मी सोडलं असतं तरी शेजारी वहिनी तेच करते, पलीकडची तेच करते, मधल्या भिंती पत्र्याच्या. मी वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग गच्चीवर बसू."

"सगळ्या?"

"तू एकटी वर बसून काय करशील, कबुतरांशी बोलशील?"

घरमालकानं आधी कुरकुर केली, मग कपडे वाळत घालायची दोरी मोकळी ठेवायच्या बोलीवर हो म्हणाला. आम्ही ताडपत्री बांधली, पाट वर नेले. गच्चीवर काम करणं सोपं नाही. वारा खडे उडवतो. ऊन सोल्युशन वाळवतं, खडा बसायच्या आत. दुपारी डोकं भणभणतं. साडीवर धूळ बसली की माल देणाऱ्या बेन ओरडतात. "तुझ्या पोरीपायी आमची चामडी कोळसा झाली," वहिनी रोज म्हणायची, आणि रोज माझ्या आधी वर जाऊन बसायची. तिचे उपकार मी कशानं फेडू मला माहीत नाही. संध्याकाळी खाली आले की आधी दार उघडायची, पंखा लावायची, भिंत हुंगायची. मला वास यायला लागला होता, इतक्या दिवसांनी.

खोकला एकदम गेला नाही. विरत गेला. पंप दिला की बरं, मग एक दिवस नसेच, मग पुन्हा. बांना मी सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि पोरीच्या हातात शेंगदाण्याची चिक्की दिली. अडुळसा अजून आणते, पण तो आता मी स्वतः घेते, घसा बसला की. गच्चीवरच्या धुळीनं तो बसतोच.

आखाजीला आम्ही तिघं उधन्याहून गाडी पकडून गावी गेलो. सासूबाईंना यायची वेळ येऊ द्यायची नव्हती. गेल्या गेल्या त्यांनी नातीला मांडीवर ओढलं, फ्रॉक वर केला आणि पाठीला कान लावला. नळी नाही, काही नाही, नुसता कान. मी चुलीपाशी पीठ मळत होते. हात थांबला. त्यांनी फ्रॉक खाली केला आणि नातीला मांडीवरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी पोरगी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली, धुळीत खेळली, आमरस खाल्ला, आणि सासूबाई येता जाता तिच्याकडे कान देत राहिल्या. माझं लक्ष त्यांच्या कानाकडे. सण कसा गेला ते मला धड आठवत नाही.

निघायच्या दिवशी मी पिशवी भरायला घेतली. माझे आणि मिस्टरांचे कपडे आधी भरले. पोरीचे तसेच बाजूला ठेवले, ते कुणी भरायचे हे मला ठरवता येईना. सासूबाई आल्या, त्या कपड्यांकडे बघितलं, एकेका फ्रॉकची घडी घातली आणि ते माझ्या पिशवीत वरच ठेवले. वर लोणच्याची बरणी दाबून बसवली.

स्टेशनवर त्या पोचवायला आल्या. गाडीला गर्दी, मिस्टर पिशव्या घेऊन आत चढले, मी पोरीला उचलून खिडकीपाशी बसवलं. सासूबाई बाहेर उभ्या. तेवढ्यात पोरगी खोकली. एकदा, मग पुन्हा एकदा, आणि तिसऱ्यांदा जोरात.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. गाडी हलली.

"धूळ गई व्हई नरडामा!" गाडीबरोबर दोन पावलं चालत त्या ओरडल्या. "पानी पाज तिले!"

घशात धूळच गेली असेल, म्हणत मी बाटली उघडली आणि तिला पाणी पाजलं.